घरामागचं तळं, त्यातला कागद आणि कर्जतचा पाऊस

पाणी साठवण्यावरच्या मागच्या भागानंतर मेसेजचा ढीग आला, आणि त्यातले निम्मे जवळपास एकसारखेच होते. गावच्या घरामागे मोठा खड्डा आहे, जुलैत तुडुंब भरतो, शिवरात्रीच्या आसपास तळ दिसतो, तर कागद टाकू का? कागद म्हणजे शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद. कोटेशनमध्ये त्याला जिओमेम्ब्रेन म्हणतात, गावात सगळे कागदच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

माझं बीटेक कॉम्प्युटरमधलं आहे, सिव्हिलचं नाही, हे आधी सांगून ठेवतो. पण कर्जत तालुक्यात कशेळ्याच्या बाजूला आमचं घर आहे, त्याच्यामागचं तळं आम्ही दोन उन्हाळ्यांत नीट करून घेतलं, आणि त्या सगळ्या काळात टेप आणि एक्सेल माझ्या हातात होतं. त्यामुळे आज आकडे येतील. पेन घेतलं तरी चालेल, गाडी चालवत असाल तर नको.

तळं म्हणजे काय होतं, तर जुना वीटभट्टीचा खड्डा. माती काढून नेली, खड्डा राहिला. लांबी साधारण ३५ मीटर, रुंदी १५. एक बाजू भिंतीसारखी उभी, दुसरीकडे गुरं उतरायची ती घसरण, मधे एक खोल डोह. असे खड्डे कर्जत-खालापुरात भरपूर आहेत. काही वीटभट्टीचे, काही मुरूम काढलेले, काही फार्महाऊसवाल्यांनी हौसेनं खणलेले.

आता तुम्ही यूट्यूबवर शेततळं शोधलंत तर जे व्हिडिओ येतात ते बहुतेक नाशिकचे, सांगलीचे, जालन्याचे. द्राक्ष, डाळिंब, मोसंबी. चांगले व्हिडिओ आहेत, कागद कसा जोडतात, चर कसा मारतात, सगळं दिसतं. पण त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि आपला वेगळा. तिकडे प्रश्न असतो की तळं भरायचं कशानं. सहा-सातशे मिलिमीटर पाऊस, त्यामुळे विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी उपसून तळ्यात टाकतात. (जमिनीखालचं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, यावर तिकडे बरीच टीकाही झाली आहे, आणि ती मला पटते.) आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत.

म्हणजे काय, ते बघा. तळ्याचं तोंड २० बाय १५ मीटर धरा, म्हणजे ३०० चौरस मीटर. तीन मीटर पाऊस त्या तोंडावर सरळ आकाशातून पडला तर ९०० घनमीटर पाणी, म्हणजे नऊ लाख लिटर. आणि असं तळं तीन मीटर खोल, बाजूंना नीट उतार देऊन खणलं तर त्यात मावतं साधारण ५०८ घनमीटर. कागद टाकलेलं तळं आपल्याकडे नुसतं वाडगं ठेवल्यासारखं आपोआप भरतं, वर सांडतं. ओढ्याचं गढूळ पाणी आत वळवायची गरजच नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे अर्धे निर्णय बदलतात. गाळ आत येऊ द्यायचा नाही, चारही बाजूंनी बांध, आणि वाहतं पाणी तळ्याच्या बाहेरून जाऊ द्यायचं. ते कुठे जाऊ द्यायचं, त्याच्यावर येतो.

पण आधी काकांचा प्रश्न. आमच्याकडे पहिलं कोटेशन आलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "अरे, पाणी जातंय कुठं ते आधी बघ की." बरोबरच होतं. तळ्यातलं पाणी दोन वाटांनी जातं, खाली मुरून आणि वर वाफ होऊन. कागद फक्त पहिली वाट बंद करतो. तर बादलीची परीक्षा करायची. नोव्हेंबर-डिसेंबरात, पाऊस पूर्ण थांबल्यावर, एक बादली पाण्यानं भरून तळ्यातच काठाला दगडांत घट्ट बसवायची, तोंड पाण्याच्या वर. तळ्यात एक काठी रोवून खूण करायची. आठ दिवसांनी दोन्हींतली उतरण मोजायची. बादलीत जेवढं उतरलं ती वाफ. तळ्यात त्याहून जास्त जेवढं उतरलं ते मुरलं. तेवढे दिवस पंप लावायचा नाही आणि गुरं पाण्यावर सोडायची नाहीत, एवढंच. खर्च शून्य. ही परीक्षा पावसाळ्यात करू नका, कारण तेव्हा आपल्याकडची जमीनच भरलेली असते, पाणी मुरायला जागा नसते, आणि गळकं तळंसुद्धा छान वागतं.

आमच्याकडे आठ दिवसांत बादली चार सेंटिमीटर उतरली आणि तळं बावीस. म्हणजे गळती खरी होती. पण चार सेंटिमीटरही लहान नाहीत. दिवसाला पाच मिलिमीटर धरलं तर नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत एक मीटरभर पाणी नुसतं उडून जातं, कितीही महाग कागद टाका. आणि उतार दिलेल्या तळ्यात वरचा एक मीटर म्हणजे थोडंथोडकं नाही. मघाचंच तळं घ्या. ५०८ घनमीटरमधले २५० वरच्या एका मीटरातच असतात. निम्मं पाणी! मी हे तीनदा तपासलं, कारण खोटं वाटत होतं. बशी आणि ग्लासातला फरक आहे हा.

म्हणून कागदाच्या आधी आकार. तोंड लहान, खोली जास्त. उभ्या भिंती केल्या तर सगळ्यात जास्त पाणी मावेल हे खरं, पण ओल्या मातीची उभी भिंत जूनमध्ये बसते, हे खड्डा ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. मुरूम घट्ट असेल तर एकास एक उतार चालतो, म्हणजे एक मीटर खोल जाताना एक मीटर आत. माती भुसभुशीत असेल तर एकास दीड. याच २० बाय १५ च्या तोंडात एकास एक उतारानं ६२१ घनमीटर मावतात, एकास दीडनं ५०८. आम्ही एकास दीडच घेतला. बांध खचून कागद फाटला तर सगळंच गेलं, त्यापुढे शंभर घनमीटरचा मोह काय कामाचा.

पोकलेनवाल्याला फक्त "उतार दे" म्हणालात तर तो डोळ्यानं देईल, आणि त्याचा डोळा चांगलाच असतो, पण चारी बाजूंना सारखा नसतो. चुन्यानं वरची चौकट आणि आतली तळाची चौकट आखून द्या. आणि काठाची पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून तपासा, गवंडी लोक वापरतात तीच. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप फोटोफ्रेम लावायला ठीक आहे. वीस मीटरवर अर्ध्या अंशाची चूक म्हणजे सतरा सेंटिमीटर. पाणी भरलं की एका बाजूला काठोकाठ आणि दुसऱ्या बाजूला वीतभर काळा कागद उघडा, आणि मग तो आयुष्यभर दिसत राहतो. तळ कातळाला लागला तर मात्र हट्ट नको. ब्रेकरचं बिल बघून घरात भांडणं होतात.

आता कोकणातला मुख्य मुद्दा. देशावरच्या व्हिडिओत जो जवळपास येतच नाही. आपल्याकडे कागदाला धोका आतल्या पाण्याचा कमी, खालच्या पाण्याचा जास्त.

जुलैमध्ये आपल्या खाचरांत काय होतं आठवा. डोंगराकडून पाझर सुटतात, विहिरी काठापर्यंत येतात, अंगणातसुद्धा पाय रुततो. जमिनीतली पाण्याची पातळी जवळजवळ वर येते. आता त्या जमिनीत तीन मीटर खोल खड्डा आहे, त्यात कागद आहे, आणि आत पाणी कमी आहे. बाहेरचं पाणी कागदाला खालून ढकलतं. पातळीत एका फुटाचा फरक असला तर दर चौरस मीटरला तीनशे किलोचा रेटा. आणि ५०० मायक्रॉनचा कागद चौरस मीटरला अर्धा किलोसुद्धा भरत नाही, वर तो पाण्यापेक्षा हलका. तो फुगतो. तळ्याच्या मधोमध काळं पोट वर येतं, म्हशीची पाठ दिसावी तसं. लोक घाबरून त्यावर दगड टाकतात, किंवा हवा आहे समजून भोक पाडतात. भोक पाडलं की संपलं.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. पहिला फुकटचा आहे. मे महिन्याच्या शेवटी तळं पूर्ण कोरडं करायचं नाही. दोन-तीन फूट पाणी तळाला ठेवायचंच. आतलं पाणी हेच कागदावरचं वजन. मग जूनच्या पावसानं बाहेरची पातळी वाढते तशी आतलीही वाढत जाते. "एवढं पाणी आहे तर भाजीला देऊन टाकू" असं मे महिन्यात घरातलं कोणीतरी म्हणणारच, आमच्याकडे आई म्हणते. नाही द्यायचं.

दुसरा उपाय कागदाखाली. तळाला मधोमध एक चर, त्यात खडी आणि छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप, आणि तो पाइप थेट उताराच्या बाजूला बाहेर काढायचा, ओढ्याकडे. आपली बरीच जमीन डोंगराच्या पायथ्याची, उताराची, त्यामुळे हे जमतं. जिथे सपाट आहे तिथे कागदाखालीच एका कोपऱ्यात छोटा खड्डा करून त्यातून तिरका पाइप काठावर आणतात आणि पावसाळ्यात लहान पंपानं उपसतात. शिवाय डोंगराच्या बाजूला तळ्यापासून चार-पाच मीटरवर एक आडवा चर, वरून येणारं पाणी तिथेच वळवायला. पुढे एक फायदा कळतो. उन्हाळ्यात, सगळी जमीन वाळलेली असताना, त्या पाइपातून पाणी टपकायला लागलं तर समजायचं की कागदाला कुठेतरी भोक पडलंय. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असला लॉग फार आवडतो.

खाली मुळ्या, शेण, पालापाचोळा राहिला असेल तर तो कुजून वायू होतो आणि तोही कागद उचलतो. म्हणून तळ खरवडून स्वच्छ करायचा. घाईघाईत हेच राहतं.

काहींना प्रश्न पडला असेल, मग प्लास्टिक कशाला, माती नाही का चालत? चालते. आपण भाताच्या खाचरात चिखलणी करतो ती पाणी मुरू नये म्हणूनच की. चिकणमातीचा फूट-दीड फुटाचा थर, पातळ थरांत ओला करून दाबून, काही ठिकाणी बेंटोनाइट मिसळून. त्याचा मोठा गुण म्हणजे तो फुगत नाही. दोष असा की उन्हाळ्यात उघडा पडला की भेगा पडतात, आणि मग पुढच्या वर्षी पुन्हा तीच गळती. शिवाय वीटभट्टीवाल्यांनी आमच्याकडची चांगली माती आधीच नेली होती!

इथपर्यंत सगळं इंजिनिअरिंग होतं. पुढचं घरात बरेच दिवस चाललं.

आमच्या तळ्याच्या खालच्या अंगाला, दोनशे पावलांवर, वाडीची विहीर आहे. ठाकरवाडी. बादलीची परीक्षा चालू होती तेव्हा त्या बाजूनं पाणी न्यायला येणाऱ्या एक मावशी थांबल्या, काय करतोयस म्हणून विचारलं. मी सांगितलं, तळं किती गळतं ते बघतोय. त्या म्हणाल्या, "तुमचं तळं आटलं ना, की पंधरा-वीस दिवसांत आमची विहीर खाली जाती."

मी तिथून पुढे दर रविवारी दोन्हीकडे दोरी टाकून मोजायला लागलो. तळं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपलं. विहीर त्यानंतर भराभर उतरली. एका वर्षाच्या आकड्यांनी काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, विहीर तशीही उतरलीच असती. पण पाणी उताराकडेच जातं, आणि मी ज्याला गळती म्हणत होतो ती कुणाच्या तरी हंड्यात पोचत होती, हे नाकारायला माझ्याकडे काही नव्हतं. आपल्या तालुक्यातल्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये काय परिस्थिती असते ते सगळ्यांना माहीत आहे. एवढा पाऊस पडणाऱ्या तालुक्यात टँकर फिरतो.

यातला विरोधाभास बघा. वर घाटमाथ्यावर धरणांत अडवलेल्या पावसावर टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ पासून चालतं, भिवपुरीचं १९२२ पासून. वीज करून सोडलेलं पाणी खोपोलीला पाताळगंगेत येतं, भिवपुरीचं राजनाल्यानं शेतीला जातं, आणि त्या पट्ट्यात उन्हाळ्यातही हिरवं दिसतं. शंभर वर्षांपूर्वी लोकांनी पावसाचं पाणी मेपर्यंत धरून ठेवलं. राजनाल्याच्या बाहेर चार किलोमीटर गेलात की दगड तापलेले असतात.

तर काकांचं म्हणणं होतं, जागा आपली, खड्डा आपला, पूर्ण ३५ मीटर कागद टाकू. बाबा गप्प. मला उत्तर आधी दिसलं नाही, एक्सेलमध्ये दिसलं. वाडग्याचा हिशोब आठवतो? कागदाचं तळं भरायला त्याच्या तोंडावरचा पाऊस पुरून उरतो. म्हणजे वरून वाहत येणारं सगळं पाणी, जे इतकी वर्षं खड्ड्यात यायचं, ते आपल्याला लागतच नाही. मग आम्ही खड्डा दोन केला. वरच्या अंगाला २० बाय १५ चं कागदाचं तळं. मधे पाच मीटरचा दाबून घेतलेला बांध. खाली उरलेल्या दहा मीटरात उघडा, बिनकागदाचा खड्डा, ज्यात वरच्या तळ्याचा सांडवाही येतो आणि डोंगराकडच्या चराचं पाणीही. तो फक्त मुरवण्यासाठी. त्याचा सांडवा मुद्दाम खाली ठेवला, म्हणजे त्यातलं पाणी वरच्या तळ्याच्या पाण्यापेक्षा कधी उंच जाणार नाही आणि कागद ढकलणार नाही. त्यात गाळ येतो, दर उन्हाळ्यात काढायचा आणि खाचरात टाकायचा. गाळ काढला नाही तर मुरणं थांबतं, हेही ध्यानात ठेवा.

काका तयार कसे झाले? पैशानं. कागद ३५ मीटरऐवजी २० मीटरचाच लागला.

कागदाच्या मापावरून आठवलं. दुकानात एक सोपा हिशोब सांगतात, लांबी अधिक दोनदा खोली अधिक दोन मीटर, तसंच रुंदीचं. त्यानं २८ बाय २३, म्हणजे ६४४ चौरस मीटर येतात. हा हिशोब उभ्या भिंतीच्या टाकीचा आहे. उतार असला तर तळाची लांबी ११ मीटर, दोन उतार प्रत्येकी ५.४ मीटर, आणि दोन्हीकडे चरात पुरायला एकेक मीटर. झाले २४ मीटर. रुंदी तशीच १९. म्हणजे ४५६ चौरस मीटर. जवळजवळ एकशेनव्वद चौरस मीटरचा फरक, आणि तो तुमच्या खिशातून जातो. खणून झाल्यावर टेप तळापर्यंत सोडून मोजा आणि मगच ऑर्डर द्या. जाडी ५०० मायक्रॉन, आणि कागदावर आयएस १५३५१ चा शिक्का आहे का ते बघा.

टाकायचं काम होळीनंतर, वळवाच्या आधी. खाली चाळलेल्या मातीचा चार बोटांचा थर, त्यावर जाड कापडी जिओटेक्स्टाइल. काही लोक त्याऐवजी जुने फ्लेक्स अंथरतात, त्यामुळे कित्येक तळ्यांच्या खाली साहेबांचे वाढदिवस वर्षानुवर्षं चालू आहेत. कागद ताणून लावू नका. उन्हात हे प्लास्टिक वाढतं, गारव्यात आखडतं. वीस मीटरला दुपार आणि पहाटेत दहा-बारा सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. थोड्या लाटा राहू द्या, आणि काठाच्या चरात माती भरायचं काम सकाळी गारव्यात करा. चर काठापासून अर्धा मीटर मागे, अर्धा मीटर खोल. बांधावर खेकड्यांची बिळं दिसली तर ती आधी बुजवा, भाताच्या बांधाला जे करतो तेच. सांडव्याला सहा इंची पाइप ठेवा. तासाला शंभर मिलिमीटर पाऊस झाला तरी फक्त तोंडावरचं पाणी सेकंदाला आठ-नऊ लिटरच असतं. पाणी भरलं की गप्पी मासे सोडा, नाहीतर डास तुमचेच.

खणलेली माती कुठे टाकता, हेही बघा. उताराच्या कडेला, खाली घरं असतील तिथे ढीग लावू नका, सांडव्याचं पाणीही त्या बाजूला सोडू नका. १९ जुलै २०२३ ची रात्र आणि इर्शाळवाडी खालापूर तालुक्यातच आहे. तिथे तळं नव्हतं, डोंगरच आला. पण पाणी पिऊन जड झालेली माती काय करते ते आपण जवळून पाहिलंय.

आणि शेवटचं काम, ज्याला कोटेशनमध्ये ओळ नसते. कागदाच्या तळ्यात पडलेला माणूस बाहेर येऊ शकत नाही. ओला कागद, वर शेवाळ, हाताला धरायला काही नाही. पोहता येणारासुद्धा दमतो. दर उन्हाळ्यात शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि अनेकदा एकाला काढायला गेलेला दुसराही जातो. आपल्याकडे तर शनिवार-रविवारी मुंबईहून पाहुणे येतात, त्यांना ते स्विमिंग पूल वाटतं. चारी बाजूंना जाड नायलॉनची दोरी, हातभर अंतरावर गाठी मारून, लोखंडी खुंट्याला बांधून पाण्यात सोडायची, तळापर्यंत. एका बाजूला जुन्या टायरची शिडी. मधून आडवा दोर, त्याला रिकामे कॅन बांधलेले. आणि भोवती कुंपण, फाटकाला कुलूप. आमच्याकडे एक कुत्रा पहिल्याच महिन्यात आत पडला आणि टायरवरून बाहेर आला. पैसे कमी पडले तर कागद पुढच्या वर्षी टाका, पण दोऱ्या आणि कुंपणाशिवाय तळ्यात पाणी भरू देऊ नका.

आता हिशोब. ५०८ मधले निम्मे उडून जातात, उरलेल्या अडीचशे घनमीटरात सात महिने रोज बाराशे लिटर वापरता येतं, आणि तळाचं राखीव पाणी त्यातूनच. चाळीस आंब्याची कलमं, आईची भाजी, दोन गाई. भाताच्या दुसऱ्या पिकाला हे पाणी पुरत नाही, तो विचार करत असाल तर आत्ताच सोडा.

वाडीच्या विहिरीवर दोरीनं मोजणं चालू आहे. खालचा खड्डा या वर्षी जानेवारीच्या मध्यात कोरडा झाला, म्हणजे आधीच्या तळ्याच्याही आधी, कारण तो लहान आहे. पण पाऊस संपेपर्यंत तो सतत भरत आणि मुरत होता. विहिरीच्या आकड्यांत अजून फरक म्हणावा असं काही नाही. आणखी दोन पावसाळे गेल्याशिवाय मी त्यावर बोलणार नाही. मावशी मात्र दर रविवारी आकडा विचारतात, आणि त्यांनी त्यांच्या बाजूला विहिरीच्या वर दोन चर मारून घेतलेत.

पुढचा भाग पंपावर, सोलर घ्यावा की साधा. तुमच्या तळ्याचे बादलीचे आकडे पाठवा, लांबी-रुंदी-खोलीसकट. नुसता फोटो नको, फोटोत सगळीच तळी छान दिसतात.